गोरक्षनाथाची कच्ची वही

तिसगावात बाजारतळाच्या मागच्या बोळात दोन खोल्यांचं वाचनालय आहे, आणि त्या वाचनालयात गोरक्षनाथ आहे. दोघं एकमेकांना इतके सरावलेत, की दाराला कुलूप दिसलं तर लोक विचारतात गुरुजी आजारी आहेत का, आणि गुरुजी रस्त्यात दिसले तर विचारतात वाचनालय बंद का. वय सत्तेचाळीस, अंगानं काटकुळा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. शिक्षण बारावी. पण लोक गुरुजी म्हणतात ते उगाच नाही. ऊसतोडीला गेलेल्या माणसांची पोरं कारखान्याच्या तळावरच चार अक्षरं शिकावीत म्हणून मागं साखरशाळा निघाल्या होत्या. त्यातल्या एका शाळेवर हा चार हंगाम मास्तर होता. तरणाताठा होता तेव्हा. पाचटाच्या छपराखाली बसून पोरांची नाकं पुसायची आणि पाढे म्हणून घ्यायचे, हे काम त्यानं मनापासून केलं.

प्रत्येक माणसाला कशाची तरी ओढ असते. कुणाला गोडाची, कुणाला पत्त्यांची. गोरक्षनाथाला ओढ पक्कं करायची. पहिल्यांदा लिहिलं ते कच्चं. मग समास आखून, वळणदार अक्षरात, मथळ्याला लाल शाई लावून उतरवलं की ते पक्कं. पक्कं झालं की कच्च्याची किंमत संपली. वाचनालयाची यादी तो दर दिवाळीला नव्यानं पक्की करतो. वाणसामानाची चिठ्ठीसुद्धा दुकानदाराला पक्की करून देतो. त्याची बायको सविता सांगते, मला बघायला आले तेव्हा माझं नावगाव, शिक्षण, उंची एका चिटोऱ्यावर लिहून घेतलं, आणि पोहे खाऊन होईपर्यंत त्याचं पक्कं करून माझ्या बापाच्या हातात दिलं. बाप म्हणाला, माझ्याच पोरीची माहिती मला कशाला. पण तो कागद त्यानं जपून ठेवला, एवढं अक्षर सुंदर.

कच्चे कागद मात्र तो फेकत नाही. त्यांची पुस्तकांना कव्हरं घालतो. लिहिलेली बाजू आत, कोरी बाहेर, वरती पुस्तकाचं नाव. वाचनालयातली निम्मी पुस्तकं अशी कुणाच्या ना कुणाच्या जुन्या लिखाणात गुंडाळलेली आहेत. हे ध्यानात राहू द्या.

तर मागल्या वर्षी त्याच्याकडं राजेश्वरी आली. तिसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या अंगाला जी वाडी आहे, तिथली ही पोर. आईबाप ऊसतोडीला, म्हणून पहिली-दुसरी तिनं गोरक्षनाथाच्याच साखरशाळेत काढली. आता ती नगरच्या एका कॉलेजात तासांवर शिकवते आणि राज्यशास्त्रात पीएच.डी. करते. राखीव जागेवर निवडून आलेल्या तालुक्यातल्या पहिल्या बाई सरपंचांनी कारभार केला तो कसा केला, असा तिचा विषय. पुण्याला गेलं तर म्हणे पुस्तकांचे डोंगर आहेत, पण त्या डोंगरावर चढायचं कुठून ते कुणी सांगत नाही. मला तुमच्याजवळ बसू द्या गुरुजी, एवढंच ती म्हणाली.

गोरक्षनाथाला तेवढं पुरेसं होतं. वाचनालयाला कुणीतरी देणगी दिलेला संगणक कोपऱ्यात टॉवेल पांघरून पडला होता. त्याचा टॉवेल निघाला. मग रोज दुपारी चार ते सहा मास्तर आणि विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसून शोधायला लागले. शोधायचं म्हणजे काय, हे दोघंही हळूहळूच शिकले. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं. नवं नाव घातलं तर कालपरवाचं तेवढं निघे. जुनं घातलं तर जुनं निघे, आणि इंग्रजीत जुनं नाव लोकांनी दोन-तीन तऱ्हेनं लिहिलेलं, त्यातल्या प्रत्येक तऱ्हेखाली वेगळाच माल. ‘महिला सरपंच’ म्हणून शोधलं की सत्काराचे फोटो. ‘पंचायत राज’ म्हणून शोधलं की जाडजूड अहवाल. शोधगंगा नावाची एक जागा आहे, तिथं देशभरातल्या पोरापोरींनी लिहिलेले प्रबंध ठेवलेत, कुणीही वाचावेत. हे कळलं त्या दिवशी गोरक्षनाथ जेवायला घरी गेला नाही. सवितानं डबा आणून दिला तर म्हणाला, अगं, हे सगळं फुकट आहे. ती म्हणाली, डबाबी फुकटच हाय, खा.

कुठल्या शब्दानं शोधलं, काय मिळालं, किती तारखेला, सगळं तो लिहून ठेवी. आणि काय मिळालं नाही तेही. राजेश्वरीला याचं हसू यायचं. न मिळालेलं कशाला लिहायचं? पण तिच्या गाईडसरांनी ती यादी पाहिली आणि विचारलं, ही कुणी केली. माझ्या गुरुजींनी, म्हणाली. सर म्हणाले, आमच्या विभागात असा एक माणूस पाहिजे होता. हे ऐकल्यापासून गोरक्षनाथ आठ दिवस जरा ताठ चालत होता.

प्रबंधाची पाच प्रकरणं झाली. अडलं ते सहावं. सहावं प्रकरण राजेश्वरीच्या वाडीचं, लंकाबाईचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच तिनं हा सगळा खटाटोप मांडला होता.

लंकाबाई वाडीची पहिली बाई सरपंच. निवडून आली, पण पोटाला काही सरपंचकी पुरत नाही. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता आधीच मुकादमाकडं ठरलेला. मग दसरा झाला की सरपंचबाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल-परात टाकून कृष्णाकाठच्या कारखान्यावर ऊस तोडायला निघाल्या, वाडीतली निम्मी घरं बरोबर. त्या वर्षी वाडीला पाण्याची टाकी मंजूर झाली होती. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत जागा ठरायची होती. मागं राहिलेल्या चार बागायतदारांना ती खाली देवळाजवळ पाहिजे होती, म्हणजे त्यांच्या दारात. वरच्या वस्तीतल्या बायांनी हंडे घेऊन उतरायचं, परत चढायचं. लंकाबाईनं काय करावं? त्या दिवशी कारखान्यात काही बिघाड होऊन तोड बंद होती. गडी माणसं पाचटाच्या कोप्यांत झोपलेली. तिनं तळावरच्या आपल्या वाडीच्या बाया गोळा केल्या, साखरशाळेच्या छपरात बसवल्या, गोरक्षनाथाला म्हणाली, लिही मास्तर, ग्रामसभा हाय. टाकी वरच्या वस्तीत बसवायची असा ठराव झाला. तो कागद वाडीला गेला. कायद्यात बसला की नाही देव जाणे, पण सरपंचांची सही, सुबक अक्षर, मथळा लाल. गावातल्यांना वाटलं वरूनच काहीतरी आलंय. टाकी वरच्या वस्तीत बसली. आजही आहे.

राजेश्वरीनं हे सगळं लिहिलं आणि सरांना दिलं. सर भला माणूस, पण नियमाचा. म्हणाले, “टाकी वर आहे हे मला दिसतं. ती बायकांनी ठरवली हे टाकी सांगत नाही. कागद आण. नाहीतर हे प्रकरण काढावं लागेल.” मार्चअखेर प्रबंध द्यायचा होता. हातात जेमतेम महिना.

गोरक्षनाथानं हे मनावर घेतलं. तो कागद त्यानंच स्वतःच्या हातानं लिहिला होता, मग तो सापडू नये म्हणजे काय? पहिल्यांदा वाडीच्या ग्रामपंचायतीत गेला. जुनं दप्तर नव्या इमारतीत हलवलं तेव्हा खालचे दोन गठ्ठे वाळवीनं खाल्लेले निघाले, त्यात ते वर्ष. मग पाथर्डीला पंचायत समितीत. तिथल्या बाईनं बिचारीनं दोन कपाटं उघडून दाखवली, असला ठराव आलाच नव्हता. मग नगर. एसटीनं तीन फेऱ्या झाल्या. सरकारी पोर्टलवर ग्रामसभांचे ठराव चढवलेत म्हणतात, ते राजेश्वरीनं पालथं घातलं. त्यात एवढं जुनं काही नव्हतं. मिळालं नाही, मिळालं नाही, असं लिहून गोरक्षनाथाची दोन पानं भरली. शेवटी शेवटी त्यानं ती पक्की करायचंही सोडून दिलं, तेव्हा सविताला काळजी वाटायला लागली.

बाजारच्या दिवशी लंकाबाई तिसगावात शेपूच्या जुड्या घेऊन बसते. अडुसष्टीला आली, पण आवाज तळावरचाच. माल संपला की वाचनालयाच्या ओट्यावर टेकायची आणि पाणी प्यायची तिची जुनी रीत. त्या दिवशी आत डोकावली तर मास्तर हनुवटीला हात लावून बसलेले आणि पोरगी संगणकापुढं डोळे पुसते. कुनी गेलं का, म्हणून तिनं विचारलं. मग तिला सगळं सांगितलं गेलं.

तिनं तांब्या खाली ठेवला. “मग तुझ्या हजेरीच्या वहीतलं काय झालं, मास्तर? पयलं तर तिथंच लिव्हलं हुतंस. पानं खराब झाली म्हणून माझ्यावर तोंड सोडलं हुतंस.”

“मावशी, ते कच्चं हुतं. त्याचं पक्कं करून मी तुमच्या हातात दिलं.”

“पक्क्यावर माझी येकटीची सही हाय. बायांचे अंगठे कच्च्यावर हायेत. येकेचाळीस बायांना परत कोन गोळा करतंय शाईला?”

राजेश्वरी खुर्चीवरून उठली. पंधरा दिवस ज्या कागदासाठी सगळा जिल्हा पालथा घातला, त्याच्यापेक्षा भारी कागद मास्तरच्या घरातच असावा, आणि मास्तरनं तो कागदात धरू नये? तिला हसावं की रडावं कळेना. तिनं फक्त विचारलं, गुरुजी, ती वही कुठंय.

 गोरक्षनाथ मान वर करून भिंतीलगतच्या लाकडी घोड्यांकडं, तिथं ओळीनं लावलेल्या पुस्तकांकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “तिची कव्हरं केली, पोरी.”

लंकाबाई मोठ्यानं हसली. सभाच गुंडाळली म्हण की, असं म्हणून तिनं पदरानं तोंड पुसलं.

पण माणसाची खोड जिथं बुडवते तिथं कधी कधी तारतेही. गोरक्षनाथाच्या दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तक कधी आलं, कुठून आलं, कव्हर कधी घातलं, सगळं पक्क्या अक्षरात. साखरशाळेच्या वह्या त्यानं दोन हजार नऊच्या पावसाळ्यात फाडल्या होत्या, हे त्याला नक्की आठवत होतं, कारण त्या वर्षी छत गळून खाकी कागद भिजला होता. त्या पावसाळ्यात आलेली पुस्तकं म्हणजे दाखल क्रमांक तेवीसशे चौदा ते चोवीसशे एकवीस. एकशेआठ पुस्तकं. लंकाबाईनं बाजाराची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि मांडी घातली. सविता भाकरी घेऊन आली ती तिथंच राहिली. चौघं मिळून कव्हरं काढायला बसले, आणि ते काम दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरलं.

काय काय निघालं त्या कव्हरांतून. सातचा पाढा. माझी आई या विषयावर अडीच ओळी. एका पानावर गायीचं चित्र, तिला पाच पाय. हजेरीतली पोरं आता कुठं कुठं आहेत ते लंकाबाई सांगत होती, हा टेम्पो चालवतो, ही शिर्डीत हारांच्या दुकानात आहे, हा गेला बिचारा. एका पानावर राजेश्वरीचंच नाव निघालं, जानेवारीतल्या तीन दिवसांपुढं गैरहजर. “भाऊ सांभाळत हुते,” ती म्हणाली. गोरक्षनाथ म्हणाला, मला ठाऊक होतं, तरी मी गैरहजरच लावलं. आणि ते पान त्यानं बाजूला ठेवलं, परत कव्हराला वापरलं नाही.

एकशेसात कव्हरं निघाली. अंगठ्यांचं पान नाही.

एकशेआठवं, क्रमांक तेवीसशे सत्त्याहत्तर, शेळीपालनाचं पुस्तक. ते वाचनालयात नव्हतंच. वाडीच्या वरच्या वस्तीतल्या दगडाबाईकडं अकरा महिने झाले होते. नेलेलं पुस्तक मागायला जाणं गोरक्षनाथाच्या जिवावर येतं. वाचत असतील, म्हणतो. पण आता इलाज नव्हता. राजेश्वरीच्या स्कुटीवर मागं बसून, टोपी एका हातानं धरून, गुरुजी दगडाबाईच्या दारात हजर झाले.

दगडाबाई पुढं प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकलेली आणि सात शेळ्यांची मालकीण. त्यांना बघून तिच्या लगेच ध्यानात आलं हे कशाला आलेत. ती म्हणाली, गुरुजी, काळी शेरडी व्यायला झालीय, आठ दिवस पुस्तक राहू द्या, अडलं तर मी कुणाला विचारू. गोरक्षनाथ म्हणाला, पुस्तक खुशाल राहू द्या, मला त्याचं कव्हर पाहिजे.

दगडाबाईचा चेहरा पडला. पदराशी चाळा करत ती म्हणाली, “कव्हर शेरडीनं खाल्लं.”

राजेश्वरी ओट्यावर खालीच बसली.  गोरक्षनाथाला दिसत होतं, उद्या सहावं प्रकरण निघणार, आणि ते कुणी काढलं तर त्यानंच, कैचीनं, खाकी कागद वाचवायला.

“सगळं न्हाई,” दगडाबाई म्हणाली. “कोपराच. मंग मी वरनं प्लॅस्टिक घातलं.”

तिनं दुरडीतून पुस्तक काढून दिलं. गोरक्षनाथानं ओट्यावर बसून, भाकरी उलटावी तसं जपून, कव्हर सोडवलं. आतून निघाली हजेरीच्या वहीची जोडपानं. एका पानावर ठराव. अक्षर तिरकं, दोन ठिकाणी खोडलेलं, कारण बाया एकदम बोलत होत्या. ‘टाकी वरच्या वस्तीत बसवावी. कारण हंडा आम्ही वाहतो.’ हे दुसरं वाक्य गोरक्षनाथानं पक्कं करताना गाळलं होतं. ठरावात असं लिहीत नाहीत, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

दुसऱ्या पानावर अंगठे. शाळेच्या निळ्या शाईत, ओळीनं, प्रत्येकाखाली नाव. कितीतरी अंगठ्यांवर एक पांढरी आडवी रेघ होती. ती शाईची चूक नव्हे. कोयता लागलेल्या बोटाचा ठसा तसाच उमटतो. राजेश्वरी बराच वेळ त्या रेघांकडं बघत होती. तिच्या आईच्या अंगठ्यावर तशीच एक होती. ती तिला दुसऱ्या ओळीत सापडली.

मोजले तर अडतीस. तीन शेळीच्या पोटात गेले होते. दगडाबाईनं पहिल्यापासून शेवटापर्यंत दोनदा बघितलं. मीबी हुते की त्या सभंत, माझा कुठंय, म्हणाली. मग कुरतडलेल्या कोपऱ्याकडं बघून काळ्या शेळीकडं वळली आणि म्हणाली, “माझाच खाल्लास व्हय गं.”

बाकीच्या दोघी कोण ते परतीच्या वाटेवर लंकाबाईच्या घरी थांबले तेव्हा तिनं सांगितलं. त्या हंगामातल्या कोप्या तिला ओळीनं पाठ होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं एकेचाळीस बाया म्हणून दाखवल्या, मधे कुठं न अडता, आणि राजेश्वरीनं त्या मोबाईलमध्ये तिच्या आवाजात घेतल्या. सरांनी सांगितलेलंच होतं, तोंडी सांगितलेलंही संदर्भात धरतात, फक्त कुणी, कधी, कुठं ते लिहायचं.

सरांनी ती पानं भिंग लावून बघितली. पक्की प्रत मिळाली असती तर तुझं प्रकरण वाचलं असतं, म्हणाले, पण ह्या कच्च्यानं ते उभं राहिलं. मग लगेच त्यांनी तळटिपा तपासल्या. एकीत लिहिलं होतं, ‘तीन अंगठे शेळीने खाल्ले, नावे तत्कालीन सरपंचांच्या तोंडून.’ सर दोन वेळा वाचून हसले आणि म्हणाले राहू दे. फक्त एक गोष्ट राहिली. हा कागद कुठल्या ग्रंथालयात आहे, कितव्या क्रमांकाला, ते लिहावं लागेल. उद्या दुसऱ्या कुणाला बघायचा झाला तर त्यानं कुठं जायचं?

निरोप आला तेव्हा वाचनालयात गर्दी नव्हती. गोरक्षनाथानं दाखल नोंदवही काढली, समास आखला, क्रमांक घातला. विषयाच्या रकान्यात लिहिलं, राज्यशास्त्र. त्या विषयाचं वाचनालयात हे चौथंच. मग लेखकाचा रकाना आला आणि पेन थांबलं. लिहिलं तर त्यानंच होतं. राजेश्वरी म्हणाली, तुमचंच नाव घाला गुरुजी. त्यानं मान हलवली. सविता दारातून बघत होती. तिला वाटलं, आता हा एक चिटोरा घेणार, त्यावर कच्चं लिहिणार, खोडणार, मग पक्कं करणार, आणि तोवर आमटी गार होणार.

पण त्यानं चिटोरा घेतला नाही. सरळ नोंदवहीतच, शाईनं, एका दमात लिहिलं: एकेचाळीस बाया. एक शब्द जरा तिरका आला. तो त्यानं तसाच राहू दिला.

शेळीपालनाचं पुस्तक अजून दगडाबाईकडंच आहे. काळीला दोन पाटी झाल्या, दोन्ही मादी करडं. पुस्तकाला नवीन खाकी कव्हर घातलंय, आतून-बाहेरून कोरं.